आठ टक्के

"चौतीस," वेदश्री म्हणाली आणि तिनं काच प्रभंजनच्या मायक्रोस्कोपशेजारी ठेवली.

प्रभंजननं मान वर केली नाही. बुधवारची सकाळ होती, अकरा वाजायला आले होते, शेजारच्या वर्कशॉपात पत्रा कापायला सुरुवात झाली होती आणि त्या आवाजानं त्याचं डोकं आधीच उठलं होतं. गोकुळ रोडवर लॅब काढली की हे भोग आलेच. डॉक्टर प्रभंजन गलगली, वय अठ्ठावन्न. हुबळी-धारवाडात कुणाच्या अंगातली गाठ काढली की बहुतेक ती शेवटी ह्याच्या टेबलावर यायची, आणि ती कॅन्सरची आहे का, असली तर किती वाईट, यावर ह्याचा शब्द शेवटचा. असं लोक म्हणायचे. तोही त्यांना कधी अडवायचा नाही. त्याच्या मते या दोन गावांत मिळून पेशी बघता येणारा माणूस एकच होता, आणि बाकीचे म्हणजे मायक्रोस्कोपला डोळा लावून स्वतःच्याच पापण्या बघणारी मंडळी. वेदश्री दोन वर्षांपूर्वी शिकून नवीनच इथं लागली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यानं तिला हे वाक्य ऐकवलं होतं आणि ती रडेल म्हणून वाट बघितली होती. ती रडली नाही. "बरं सर," म्हणाली आणि कामाला लागली. तेव्हापासून ती त्याच्या मनातून उतरली होती.

"काय चौतीस?"

"तानूबाई. अळणावरच्या. स्तनाची गाठ. तुम्ही आठ दिलं होतं, सर."

आता त्यानं मान वर केली. आठ आणि चौतीस म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. गाठीतल्या शंभर पेशींपैकी किती पेशी फुटून दोन व्हायच्या मार्गाला लागल्यात, त्याचा तो आकडा. साऱ्या दुनियेत प्रभंजनला मनापासून आदर होता तो फक्त पेशीच्या केंद्रातल्या प्रथिनांबद्दल. लोक उठसूट डीएनए, डीएनए करत नाचतात. अरे, दोरा आहे तो नुसता! त्याला गुंडाळतं कोण, सोडवतं कोण, पेशी फुटायची वेळ आली की त्याच्या आटोपशीर वळकट्या करतं कोण? प्रथिनं. नाव एकाचं आणि राबायचं दुसऱ्यांनी, हे तिथंही आहेच. त्यातलंच एक केआय-सिक्स्टीसेव्हन. पेशी फुटायला निघाली की हे उगवतं, गुणसूत्रांच्या अंगाला लागतं, ती एकमेकांना चिकटू नयेत म्हणून. पोळी लाटताना पिठी लावतात तसं. पेशी स्वस्थ बसली की ते नाहीसं होतं. म्हणून त्याच्यावर तपकिरी रंग चढवायचा आणि तपकिरी केंद्रं मोजायची. आठ निघाली तर गाठ सुस्त, बाई गोळ्यांवर निभावून नेते. चौतीस निघाली तर गाठ धावते आहे, केमो द्यायला पाहिजे, आणि लवकर द्यायला पाहिजे. एवढ्याशा रंगाच्या ठिपक्यावर माणसाची पुढची दहा वर्षं ठरतात. आणि तो ठिपका वाचणारा मी, असं प्रभंजनला रोज सकाळी खुर्चीत बसताना वाटायचं.

"तू मोजलंस? त्या तुझ्या टिकटिकीनं?"

वेदश्रीच्या हातात एक गणकयंत्र असायचं, बसमधल्या तिकिटाच्या यंत्राएवढं. एकेक पेशी बघायची आणि टिक करायचं. हजार पेशी, हजार टिक. प्रभंजन कधी मोजायचा नाही. तो नुसता बघायचा. सव्वीस वर्षं बघून बघून नजरच अशी तयार झालीय की आकडा आपोआप समोर येतो, असं तो सांगायचा. बाजारातला मुरलेला आडत्या पोतं न उघडता धान्य सांगतो, मग मी काय त्याच्याहून गेलो? मोजतात ते, ज्यांना दिसत नाही. हे वाक्य तर त्यानं बेळगावच्या परिषदेत भाषणातही टाकलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या.

"दोनदा मोजलं," ती म्हणाली. "एकदा चौतीस, एकदा छत्तीस. कमीचं धरलं."

त्यानं काच सरकवून घेतली. डोळा लावला. आणि पहिल्याच नजरेत, ती सव्वीस वर्षांची नजर होती ना, त्याला दिसलं. तपकिरीच तपकिरी. मोजायचीसुद्धा गरज नव्हती. मध्येच दोन ठिकाणी गुणसूत्रं ओळीत उभी राहून नुकतीच दोन बाजूंना निघालेली. गाठ कसली झोपलीय, गाठ जत्रा भरवून बसली होती. पण तोंड त्याच्या डोळ्यांना कधीच विचारायचं नाही.

"तुला हा तुकडा रंगवायला कुणी सांगितला?"

"कुणी नाही. कपाटात मेणाचे ठोकळे लावत होते. ह्या एकाची जुनी काच बघितली, पेशी स्वच्छ दिसल्या, म्हणून."

"मग होळी कमी पडली वाटतं तुला. रंग खेळायची हौस होती तर सांगायचंस."

ती हसली नाही, चिडलीही नाही. "तुम्ही मधला तुकडा घेतला होता सर. हा कडेचा. मधला बघा तुम्हीच, पेशी पुसल्यासारख्या झाल्यात. तिथं फॉर्मालिन पोचलंच नाही. गाठ न चिरता राहिली, त्यात प्रथिन गेलं. ते आठ खरं नाही." मग म्हणाली, "ऑपरेशन होऊन नववा आठवडा चालू आहे. बाराच्या आत केमो सुरू व्हायला पाहिजे. बाई नुसत्या गोळ्या घेतायत."

"मला शिकवू नको."

"बरं सर," म्हणून ती गेली. दार तिनं हळूच लावलं. धाडकन लावलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

मधला तुकडा त्यानं काढलाच. बघायला नको होतं तरी बघितलं. आठ. तेव्हा आठ दिसले होते आणि आताही आठच दिसत होते, नजर चुकली नव्हती, एवढं समाधान त्यानं घाईघाईनं पदरात पाडून घेतलं आणि पुढच्याच क्षणी ते पदरातून निसटलं. पेशींच्या कडा विरघळल्या होत्या, केंद्रं फिकट, मळकट. एखाद्या पहिल्या वर्षाच्या पोरानं असली काच आणली असती तर त्यानं ती खिडकीबाहेर फेकली असती. "ह्यावरून रिपोर्ट देतोस? लाज नाही वाटत?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. आठ आठवड्यांपूर्वी ही काच त्याच्यासमोर आली तेव्हा दुपार होती, अजून चाळीस काचा पडल्या होत्या, रवीनं चहा गार आणला होता. नजर टाकली. आठ. पुढची. तेव्हा वाईट काच बघून त्याला शंका का आली नाही? कारण ती त्यानं स्वतः कापलेल्या तुकड्याची होती. स्वतःच्या कापण्यावर शंका घ्यायची त्याला सवयच नव्हती.

गाठ लॅबमध्ये आली तो शनिवार त्याला नीट आठवत होता, कारण त्या शनिवारी काहीच झालं नव्हतं. संध्याकाळी तो धारवाडला घरी पोचला होता. आठ वाजता रवीचा फोन. हा रवी कमरीपेठेतला, बावीस वर्षांपासून लॅबमधला मदतनीस. तुकड्यांना मेणात बसवणं, पातळ काप काढणं, सगळं त्याच्या हातचं. हात सोन्यासारखा, पण तोंड उघडलं की आधी माफी मागणार. "सर, डॉक्टर वरदांकडनं बादली आलीय. आख्खा स्तन आहे. मोठी गाठ." वरद म्हणजे गाठ काढणारा सर्जन. फॉर्मालिनच्या बादलीत आख्खा नमुना. फॉर्मालिन मांसात शिरतं ते गोगलगायीच्या चालीनं, तासाला जेमतेम मिलिमीटरभर. म्हणून नमुना आला की त्याच दिवशी त्याचे उभे काप द्यायचे, म्हणजे औषध आतपर्यंत जातं आणि पेशी जशाच्या तशा राहतात. हे प्रभंजननं शंभर जणांना शिकवलं होतं. न शिकणाऱ्यांची टर उडवली होती. रवी पुढं म्हणाला होता, "वेदश्री मॅडम अजून आहेत सर. नुसते काप देऊन ठेवू म्हणतात. कापू दे का?"

आणि प्रभंजन म्हणाला होता, "तिला म्हणावं, घरी जाऊन भाजी चीर. माझ्या नमुन्याला कुणी हात लावायचा नाही. सोमवारी मी बघतो."

रविवारी तो काय करत होता? काही नाही. हेच तर त्याला आता सलत होतं. लग्न नव्हतं, मुंज नव्हती, आजारपण नव्हतं. त्यानं पेपर वाचला आणि अग्रलेख लिहिणाऱ्याला मूर्ख ठरवलं. श्यामला, त्याची बायको, सकाळी म्हणाली, "जाऊन याल का हुबळीला? गाडी आहे, अर्ध्या तासाचा रस्ता." त्यानं तिलाही मूर्ख ठरवलं. दुपारी झोपला. संध्याकाळी चहा पिताना एकदा त्या बादलीची आठवण झाली होती, हेही त्याला आठवलं, आणि त्यानं ती डास हाकलावा तशी हाकलली होती. तिकडं बंद लॅबमध्ये ती गाठ बादलीत पडून, कडेनं टिकत होती आणि मधून मरत होती. सोमवारी बारा वाजता त्यानं सुरी घेतली. मधोमध कापलं. चाळीस तास झाले होते. रंग जरा पिवळट वाटला. तेव्हा काय वाटलं होतं? त्या वरदनं नमुना पाठवताना हयगय केली असेल, असं वाटलं होतं. दुसऱ्याच्या हयगयीवर त्याचा विश्वास लगेच बसायचा.

कुणी हात लावायचा नाही. हे वाक्य त्याचं नव्हतंच मुळी. हे त्याच्या अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, बाळाचार्यांचं. धारवाडात शाळेत संस्कृत शिकवायचे आणि घरी मडी, म्हणजे कडक सोवळं. पहाटे विहिरीवर अंघोळ, अंगावर ओला पंचा, स्वयंपाक स्वतःच्या हातानं, आणि नैवेद्य होईपर्यंत बायकोनं, पोरानं, कुणी कुणी शिवायचं नाही. प्रभंजन सहा वर्षांचा असताना अंगणात पडला, कपाळ फुटलं, डोळ्यात रक्त उतरलं, काही दिसेना म्हणून आवाजाच्या दिशेनं धावत सुटला आणि अप्पांच्या पायांना मिठी मारायला गेला. अप्पा दोन्ही कोपरं वर उचलून मागं सरकले. "मडी आहे, लांब! श्री हरी, अरे कुणी आहे का घरात? ह्याला न्या." आवाजात काळजी होती, नव्हती असं नाही. पण कोपरं वरच होती. पुढं मेडिकलला असताना होस्टेलवर हा प्रसंग तो नक्कल करून दाखवायचा, कोपरं वर उचलून, आणि पोरं हसून लोळायची. त्यानं जानवं काढलं, अंडी खाल्ली, बापाच्या तेराव्याला वाद घातला. सुटलो म्हणाला. सुटला कसला! कापायच्या टेबलाभोवती सव्वीस वर्षं कुणाला फिरकू दिलं नाही. माझी सुरी, माझी पाटी, माझे नमुने. बाळाचार्यांची मडी निदान दुपारी जेवायला बसलं की संपायची, आणि मग ते पोराला मांडीवर घेऊन स्वतःच्या ताटातला भात भरवायचे. हे तो नकलेत कधी सांगायचा नाही.

बाहेर पत्रा कापायचं थांबलं आणि त्या शांततेत त्याला तानूबाई आठवली. रिपोर्ट न्यायला ती स्वतः आली होती. असं फारसं कुणी येत नाही. रोग्याला गाठ काढणारा डॉक्टर माहीत असतो, गाठ बघणारा नाही, आणि प्रभंजनला ते बरंच वाटायचं, कारण रोगी बोलायला लागले की त्याला जांभया यायच्या. पन्नाशी उलटलेली, उंच, हिरवं लुगडं, उजवा हात ऑपरेशनमुळं अंगाशी धरलेला. बरोबर मुलगा गोपाळ, तो बाहेरच मोटारसायकलपाशी थांबला. नवरा गेल्यापासून अळणावरला लाकडाची गिरणी तीच चालवते असं रवीनं आत येऊन सांगितलं होतं. ती दारात उभी राहून म्हणाली, "डाक्टर, कागद मला वाचता येत न्हाई. वाईट हाय का तेवढं सांगा. न्हाई सांगितलं तर मी आपली तयारी करती." सरळ प्रश्न होता. सरळ प्रश्न विचारणारी माणसं त्याला क्वचित भेटायची, आणि का कोण जाणे, त्या दिवशी त्याला मोठेपणाचा उमाळा आला. "आठ टक्के," तो म्हणाला. "झोपलेली गाठ होती. गोळ्या घ्या आणि गिरणी चालवा. भिऊ नका." बाई तिथल्या बाकावर मटकन बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मग उठली, डोळे पुसले, डाव्या हातानंच नमस्कार करून गेली. दिवसभर त्याला फार छान वाटत होतं. स्वतःचं कौतुक करायला त्याला एरवी कारण लागायचं नाही, त्या दिवशी कारण होतं.

आता त्यानं संगणक पुढं ओढला. सुधारित रिपोर्ट. टक्केवारी चौतीस. खाली शेरा. बोटं आपोआप चालली: *नमुना योग्य रीतीनं जतन न होता प्रयोगशाळेस प्राप्त झाला.* एवढंच. एक ओळ. ना कुणाचं नाव, ना आरोप. आणि ती वाचणारा प्रत्येक जण समजणार की घोळ वरदकडं झाला. वरद! पस्तिशीचा, केसाला तेल नाही, बोलताना दर वाक्याला पोटभर हसणारा, स्वतःला सर्जन म्हणवणारा खाटीक. सहा महिन्यांपूर्वी एका बैठकीत तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "गलगली सर म्हणतात म्हणजे ब्रह्मवाक्य, आम्ही काय, कापणारे हमाल," आणि प्रभंजनला त्यात चेष्टा होती की खरंच भक्ती होती हे अजून ठरवता आलं नव्हतं. ती ओळ त्यानं दोनदा वाचली. व्याकरणदृष्ट्या निर्दोष होती. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. आणि हा तर वातडपणाचं खापरसुद्धा दुसऱ्याच्या डोक्यावर फोडायला निघाला होता. हे त्याला कळत होतं. कळत असून बोट बटणावर होतं.

त्यानं हाक मारली. "रवी! ती नोंदवही आण. त्या शनिवारची."

रवी वही घेऊन आला तो आधीच पांढरा पडलेला. लॅबमध्ये भिंतीला कान असतात. चौतीसची बातमी चहाबरोबर फिरली असणार. वहीत रवीच्या गोलगोल अक्षरात लिहिलं होतं: शनिवार, रात्री पावणेआठ, नमुना मिळाला. शेजारी: सोमवार, दुपारी बारा, सरांनी कापला. मधल्या जागेत काही नव्हतं.

"सर," रवी म्हणाला, "माझी चूक झाली म्हणून लिहा की. मी सांगायला विसरलो म्हणून. काय होतंय त्यात. माझं कोण बघतंय नाव."

प्रभंजन त्याच्याकडं बघत राहिला. पहिल्यांदा किळस आली ती रवीचीच. काय हा माणूस! पाठीला कणा नावाची वस्तू आहे का नाही? बावीस वर्षं ओरडा खाऊन खाऊन ह्याला ओरड्याची इतकी सवय झाली की न केलेल्या चुकीलाही हा आपणहून पाठ पुढं करतो. आणि मग ती किळस जिथून निघाली होती तिथंच परत फिरली. ह्याला असा केला कुणी? लॅबमध्ये लागला तेव्हा हा असा नव्हता. तिसऱ्या की चौथ्या वर्षी एकदा रवीनं त्याला सांगितलं होतं, "सर, हा काप तुमच्यामुळं वाकडा आलाय, माझ्यामुळं नाही." बरोबर सांगितलं होतं. त्याबद्दल प्रभंजननं त्याच्याशी महिनाभर बोलणं टाकलं होतं. त्यानंतर रवी कधी बरोबर बोलला नाही. म्हणजे इथंही सुरी आपलीच चालली होती की.

"जा," तो म्हणाला. "वही ठेव इथं. आणि पुन्हा असलं बोलू नको."

"सॉरी सर."

"सॉरी म्हणू नको रे, गाढवा!" तो ओरडला, आणि रवी पुन्हा सॉरी म्हणून गेला.

ती ओळ त्यानं खोडली. दुसरी लिहिली. *नमुना या प्रयोगशाळेत चाळीस तास न कापता राहिला, त्यामुळं पहिली तपासणी चुकली. जबाबदारी सही करणाऱ्याची.* सही केली. काही उदात्त वगैरे वाटलं नाही. उलट, लिहून झाल्यावर स्वतःच्या प्रामाणिकपणाकडं कुणीतरी बघावं असं वाटायला लागलं, आणि त्याला स्वतःचा भयंकर राग आला. वरदला फोन लावला. वरद चक्क हसला नाही. सरळ म्हणाला, "सर, सोमवारीच सुरू करतो. वेळ आहे अजून, पण नऊ आठवडे गेले ते गेले. त्यांना कोण सांगणार? मी सांगू?" त्या खाटकाच्या आवाजात कीव होती. ती ऐकून प्रभंजन म्हणाला, "मी सांगतो. आठ मीच सांगितले होते."

नंबर फॉर्मवर होता. तीन वेळा वाजून उचलला गेला, आणि पलीकडं मोठी करवत चालू होती.

"तानूबाई का? मी हुबळीहून डॉक्टर गलगली."

"कोण? आठ टक्केवाले डाक्टर? थांबा हं, थांबा. गोपाळ! बंद कर रे ते! फोन आलाय!" करवतीचा आवाज हळूहळू उतरत गेला. "बोला. बरं हाय की मला. गोळ्या चालू हायत. हातबी वर जातोय आता."

त्यानं सांगितलं. सोपं करून सांगायचं ठरवलं होतं, पण सोपं करून बोलायची सवय नसल्यामुळं वाक्यं तुटत गेली. गाठ झोपलेली नव्हती. आकडा आठ नाही, चौतीस. केमो घ्यावी लागेल. सोमवारी या. अजून वेळ आहे. आधी सुरू झाली असती तर जास्त चांगलं होतं.

ती म्हणाली, "मंजे मी मरायलीय का?"

"तसं नाही. पण धोका मी सांगितला त्यापेक्षा जास्त आहे."

"मग आठ कुठनं आलं?"

"गाठ आल्यावर चिरून औषधात ठेवायची असते. ती तशीच राहिली. मधून खराब झाली. मी तो खराब भाग बघितला."

"कवा चिरली?"

"सोमवारी."

"आणि काढली शनवारी." ती हिशेब करत नव्हती, नुसतं एकापुढं एक ठेवत होती. "सावरीचं लाकूड आलं की आमी थांबत न्हाई डाक्टर. चिरतोच. न्हाईतर आतनं निळं पडतंय, मग फेकायचं. मालक गेले तवा तेराव्याच्या आत गिरणी चालू केली मी, सावर पडून होती म्हणून. लोकांनी तोंडात शेण घातलं." मग तिनं विचारलं, "तुमच्यात दुसरं कोण नव्हतं का चिरायला?"

"होते."

"कितीजण?"

"दोघं."

"येत नव्हतं त्यास्नी?"

प्रभंजननं तोंड उघडलं. ह्या प्रश्नाची उत्तरं त्याच्याकडं पोत्यानं होती. सव्वीस वर्षं तो हीच उत्तरं देत आला होता, परिषदांत, जेवणाच्या पंगतीत, बायकोला, आरशाला. हल्लीच्या पोरांचे हात, हल्लीची शिक्षणं, लाकडाच्या बोटांची माणसं. त्यातलं एकही उत्तर ह्या बाईला सांगता येत नव्हतं, कारण ती ज्याची किंमत मोजत होती ते हेच होतं.

"येतं त्यांना," तो म्हणाला. "मी हात लावू देत नाही."

"का?"

पलीकडं कुणीतरी फळी टाकल्याचा आवाज आला. ती वाट बघत होती.

"हे चौतीस कुणी काढलं मग?" तिनंच विचारलं.

"इथं एक डॉक्टर आहे. वेदश्री म्हणून. तिनं."

"तिला द्या फोन. आता मला काय विचारायचं ते तिलाच विचारती. तुमी नको."

आवाज चढलेला नव्हता. ती रागावली असती, तिनं शिव्या दिल्या असत्या, तर त्यानं खाली मान घालून ऐकून घेतल्या असत्या आणि घरी जाऊन स्वतःला थोडं बरं म्हणवून घेतलं असतं. तिनं तसं काही केलं नाही. दुकानात एक माणूस कामाचा नाही म्हणून दुसऱ्याला बोलवावं, तसं बोलावलं.

तो फोन घेऊन वेदश्रीच्या खोलीत गेला. ती मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली होती, हातात टिकटिक चालू. त्यानं फोन पुढं केला. "अळणावरच्या बाई. तुमच्याशी बोलायचंय म्हणतात."

तिनं फोन घेतला. "हां अक्का, बोला. मी वेदश्री. ... हो, मीच मोजलं. ... नाही, घाबरू नका, मी सगळं सांगते, एकेक करून सांगते. ... सोमवारी मी येते की तिकडं, वरद डॉक्टरांकडं. ... हो, मी असेन." बोलता बोलता तिनं खुर्ची वळवली. तो दारात उभा होता. इतक्यात बाहेर पुन्हा पत्रा कापायला लागले. वेदश्रीनं फोन कानाशी दाबून धरला, त्याच्याकडं बघितलं आणि आवाज येतोय, दार लावा, अशी हातानं खूण केली.

तो बाहेर आला आणि त्यानं दार ओढून घेतलं.